मिठागरातली गाय

नझीहा जरायाला वर्षातले तीन आठवडे फार आवडायचे, आणि त्याच तीन आठवड्यांबद्दल ती सगळ्यांत जास्त कुरकुर करायची.

स्फाक्स शहरातल्या विद्यापीठाच्या विज्ञान विभागात दर वसंतात एक वर्ग भरे. जिवाणूंचा, झाडांचा, माणसांचा डीएनए वाचला की अक्षरांची लांबच लांब माळ हाती येते. ती संगणकावर कशी उलगडायची, हे तिथे शिकवत. वर्ग पंधरा दिवसांचा, पण त्याआधी आठवडाभर तळमजल्यावरच्या खोलीतले बावीस संगणक सज्ज करावे लागत. लागणारे प्रोग्रॅम फुकट मिळत, मात्र सरळपणे एकही चालत नसे. एकाला दुसऱ्याची जुनी आवृत्ती हवी असे आणि तिसऱ्याला नेमकी तीच खपत नसे. नझीहा एकेका संगणकापुढे बसून मनधरणी करी. खिडकीजवळचा ऊन लागलं की बंद पडतो, दाराजवळच्यात नवीन काही घातलं की तो जुनं विसरतो, असे सगळ्यांचे रुसवेफुगवे तिला पाठ होते. वर्ग सुरू झाला की कुणीतरी हमखास ओरडे, "मादाम नझीहा, माझ्याकडे वेगळंच येतंय!" मग ती चष्मा कपाळावर सरकवून तिकडे धावे. धावताना चरफडे. पण एखाद्या दिवशी तशी हाक आली नाही, तर संध्याकाळी तिला उगाच चुकल्यासारखं वाटे.

विदाद त्रीकी तिचीच विद्यार्थिनी. चार वर्षं केप टाऊनला शिकून ती याच विभागात नोकरीला परत आली. काटक, मोठ्यानं हसणारी, आणि शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळ्यांशी एकाच सुरात बोलणारी. रुजू होऊन चार दिवस झाले नाहीत तोच तिनं विभागप्रमुख हेदींच्या (सगळे त्यांना आदरानं 'सी हेदी' म्हणत) टेबलावर एक पेनड्राइव्ह ठेवला.

"यात काय आणलंस?" सी हेदींनी विचारलं.

"मादामची खोली," विदाद म्हणाली. "अख्खी."

नझीहा बाजूच्याच खुर्चीत बसली होती. विदादनं तो पेनड्राइव्ह सी हेदींच्या जुनाट संगणकाला लावला आणि संगणक बंद करून पुन्हा चालू केला. समोर आलेली कॉफी निवायच्या आत पडद्यावर सगळं हजर होतं. सगळे प्रोग्रॅम एकमेकांशी न भांडता ओळीनं बसलेले, धडे तयार, सरावाची माहिती तयार. संगणकाच्या पोटात आधी काय होतं नव्हतं, त्याच्याशी पेनड्राइव्हला काही देणंघेणं नव्हतं.

"आणि असे बावीस करायचे?"

"बावीस काय, दोनशे करा. एका दुपारचं काम. सगळे अगदी एकसारखे. मुलांनी घरी नेले तरी हेच चालेल."

सी हेदी खूश होऊन नझीहाकडे वळले. "घ्या नझीहा, सुटलात! आता तीन आठवडे घरी झोपा काढा."

नझीहा हसली. मग समोरची कॉफी तशीच ठेवून उठली.

त्या वर्षी गोष्ट साधी नव्हती. मॉरिटानिया, लिबिया, अल्जीरिया इथून पाहुणे यायचे होते. वर्ग चांगला झाला तर तो कायमचा सगळ्या मगरिबसाठी, म्हणजे या सगळ्या शेजारी देशांसाठी, स्फाक्सलाच भरणार होता, आणि त्याला एक प्रमुख नेमायचा होता. "वर्गातच मी नाव सांगेन," सी हेदींनी जाहीर केलं होतं. हिवाळ्यापर्यंत त्या नावाबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. आता लोक नझीहाशी बोलताना तो विषयच काढत नव्हते.

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. लसादचं चष्म्यांचं दुकान होतं.

"अगं, आम्ही नाही का पूर्वी भिंगं हातानं घासायचो? आता तयार येतात."

"तेव्हा तुला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. पण गिऱ्हाइकाला दिसायला लागलं."

"तू माझ्या बाजूनं बोलतोयस की तिच्या?"

"मी सुपाच्या बाजूनं बोलतोय, ते निवतंय. आणि खरं सांगू? तुझ्या पोटात दुखतंय."

नझीहानं सूप त्याच्यापुढून उचललं आणि गरम करायच्या निमित्तानं बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिली.

रमजान लागायच्या आदल्या आठवड्यात विदाद लॅपटॉप घेऊन तिच्या शेजारी येऊन बसली. "मादाम, तुम्ही वर्गात काय काय वापरता ते सगळं सांगा. मला यात तुमचंच सगळं घालायचंय, माझं नको." नझीहानं सांगितलं. कुठला प्रोग्रॅम, कुठली आवृत्ती, कुठला धडा आधी, मुलं कुठे अडखळतात. विदाद टाइप करत होती, मध्येच खिदळत होती. "हे तुम्ही आम्हाला शिकवलं तेव्हा मी रडले होते, आठवतं?" नझीहाला आठवत होतं. तेव्हा तिनंच या पोरीला रुमाल दिला होता.

"आणि मादाम, एक सुचलंय. तिकडे सगळं इंग्रजीत होतं. आपली मुलं बिचकतील. तेव्हा पडद्यावरचं सगळं मी फ्रेंच करून टाकते. कीबोर्डसुद्धा आपलाच."

नझीहाचा हात टेबलावर तसाच राहिला. संगणक फ्रेंच केला की काय होतं, ते तिनं पहिल्याच वर्षी भोगलं होतं. फ्रेंच पद्धतीत दीड लिहायचा तर एक, मग स्वल्पविराम, मग पाच. पण डीएनए जुळवणारे प्रोग्रॅम साहेबी वळणाचे. ते स्वल्पविरामाच्या जागी टिंब देतात. मग आकडे लहानमोठे लावायला फ्रेंच संगणकाला सांगितलं, की तो टिंबापर्यंत वाचतो आणि पुढचं सोडून देतो. तक्रार करत नाही, लाल अक्षरं दाखवत नाही. निमूटपणे चुकीची यादी लावून देतो. त्या वर्षी एका मुलाचा अर्धा प्रबंध त्यात वाहून गेला होता. तेव्हापासून नझीहा प्रत्येक संगणकात एक ओळ घालत आली होती: बाकी सगळं फ्रेंच, आकडे तेवढे इंग्रजी.

"कसं वाटतं?" विदादनं विचारलं.

"छान," नझीहा म्हणाली. "मुलांना बरं पडेल."

"मग आणखी काही सांगायचं राहिलं का, मादाम?"

"नाही. झालं सगळं."

घरी जाताना तिला सासूची, हज्जाची, आठवण झाली. ईदला खारवलेल्या मासळीबरोबर स्फाक्सच्या घराघरात शर्मूला ही गोडसर चटणी होते. कांदा आणि मनुका मंद आचेवर आटवत बसायचं, आणि चव ज्या त्या घराची. लग्नानंतर हज्जानं नझीहाला ती मापानिशी शिकवली. तरी दर ईदला लसाद एक घास खाऊन म्हणे, "छान झालीय. पण आईसारखी नाही." बऱ्याच वर्षांनी एका पहाटे नझीहा अवचित स्वयंपाकघरात शिरली, आणि हज्जा शिकवताना कधीच न सांगितलेला मस्तकीच्या डिंकाचा खडा खलात कुटताना सापडली. हज्जानं खलावर पदर ओढला आणि हवापाण्याच्या गोष्टी काढल्या. त्या दिवशी नझीहा तिच्यावर भयंकर चिडली होती. आता बसच्या खिडकीशी बसून ती हज्जाचाच विचार करत होती, आणि राग काही येत नव्हता.

रमजानातल्या एका दुपारी विभाग ओस पडला होता. उपाशी पोटी सगळे लवकर घरी पळाले होते. विदादनं तयार करून ठेवलेल्या पेनड्राइव्हांतला एक नझीहानं उचलला आणि आपल्या खोलीत लावून बघितला. नव्या सुनेचं घर बघायला गेलेल्या बाईसारखी ती कोपरान् कोपरा तपासत होती. कुठे धूळ आहे का, कुठे भांडं उपडं पडलंय का. काही सापडेना. तिला स्वतःला कधी सुचल्या नव्हत्या अशा सोयी मात्र सापडल्या. मूल चुकलं तर कुठे चुकलं ते दाखवणारा एक कोपरा होता, आणि तो इतका सुबक होता की नझीहानं तो तीनदा उघडून पाहिला आणि तीनदा तिचा जळफळाट झाला.

सरावासाठी विदादनं नवी माहिती घातली होती. गावाबाहेर थीनाच्या मिठागरातली चिमूटभर माती त्याच हिवाळ्यात आणून तिच्यातला डीएनए वाचून घेतला होता. निकाल कुणीच पाहिला नव्हता. "यादी लावायची ती वर्गातच, सगळ्यांबरोबर," विदाद सांगत सुटली होती. "मलाही माहीत नको. तेवढीच मजा."

नझीहानं यादी लावली. मातीतला डीएनए ज्या ज्या जिवाणूंशी जुळला त्यांची ती नावं; प्रत्येक नावापुढे एक आकडा होता, हे साम्य निव्वळ योगायोगानं जुळलं असण्याची शक्यता किती ते सांगणारा. आकडा जितका लहान, तितकं जुळणं खरं. यादीच्या शिखरावर आला गायीच्या पोटात राहणारा जिवाणू. त्याचा आकडा होता शून्य, टिंब, शून्य चार. म्हणजे अगदीच सुमार. पण संगणकानं टिंबापाशी थांबून तो निखळ शून्य धरला होता. आणि खरे इवलेसे आकडे, जे 'दोन टिंब एक' असे सुरू होतात आणि आधी किती शून्यं धरायची ते शेवटी खुणेनं सांगतात, ते त्यानं नुसते दोन, तीन, सात असे वाचून तळाला ढकलले होते.

तिनं आपली ओळ घातली आणि पुन्हा यादी लावली. खाऱ्या पाण्यात जगणारा जिवाणू वर आला. थीनाची तळी ज्याच्यामुळे गुलाबी होतात, तोच.

तिनं ओळ पुसली, पेनड्राइव्ह काढला आणि होता तिथे ठेवून दिला. इफ्तारला तिला भूक नव्हती.

ईद झाली. नझीहानं विभागात शर्मूलाचं भांडं पाठवलं आणि विदादनं बोटं चाटली. पंधरवड्यानं पाहुणे आले आणि वर्ग सुरू झाला. पहिल्या सकाळी बावीसच्या बावीस संगणक एका दमात जागे झाले. विदाद फळ्यापाशी उभी होती. नझीहा शेवटच्या रांगेत. तिला धावावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मॉरिटानियातल्या नुआकशोतहून आलेली मबार्का नावाची जीवशास्त्राची शिक्षिका तिच्या शेजारी बसे. तिनं सहज विचारलं, "तुम्ही पण शिकायला आलात का, मादाम?"

"हो," नझीहा म्हणाली. "तसंच म्हणा."

आणि मग मिठागराचा धडा आला. सी हेदी मुद्दाम येऊन पहिल्या रांगेत बसले. नझीहानं हात मांडीवर घट्ट धरले होते. आता कुणीतरी ओरडेल. आता गोंधळ होईल, विदाद भांबावेल, तिच्या गळ्यातला तो मोकळा सूर अडकेल, आणि मग सगळ्यांच्या माना शेवटच्या रांगेकडे वळतील.

"मादाम विदाद, माझ्याकडे गाय आली!" कुणीतरी म्हणालं.

"माझ्याकडे पण गायच."

"इथेही!"

"सगळ्यांकडे गाय!" आणि खोलीत हशा पिकला.

"आमच्याकडची माती असती तर उंट आला असता," मबार्का म्हणाली आणि पुन्हा हशा झाला.

विदाद पडद्यावर वाकली. तिच्या कपाळाला एक बारीक आठी पडली. तिनं मान वर करून थेट शेवटच्या रांगेकडे पाहिलं. नझीहानं नजर खाली घातली.

"त्यात नवल काय?" सी हेदी पाहुण्यांकडे वळून म्हणाले. "थीनाच्या कडेनं गुरं चरतात. पाऊस पडला की शेण वाहून मिठागरात जातं. साधी गोष्ट आहे. आणि बावीसच्या बावीस यंत्रं काय एकदम खोटं बोलतील?"

पाहुण्यांनी माना डोलावल्या. परक्यांच्या देखत सी हेदींना 'नाही' म्हणायची रीत त्या विभागात नव्हती. विदाद क्षणभर घुटमळली. "हो... तसं असू शकतं," ती म्हणाली.

सगळे लिहू लागले.

नझीहानं ज्याची वाट पाहिली होती ते हे नव्हतं. आरडाओरडा नाही, फजिती नाही. नुसती पेनांची कुरकुर. तिच्या शेजारी मबार्का सुंदर अक्षरात मिठागरातल्या शेणाबद्दल लिहीत होती. उद्या ती नुआकशोतला जाऊन पोरांना हेच शिकवणार. पेनड्राइव्ह तर प्रत्येकाला घरी न्यायलाच द्यायचे होते. नझीहाच्या खोलीत एखादा संगणक चुकायचा तेव्हा शेजारचा त्याला खोटं पाडायचा, आणि कुणीतरी ओरडायचं. इथे सगळे एकमेकांसारखे होते. खोटं पाडायला कुणी उरलंच नव्हतं. तिच्याखेरीज.

ती उठली.

"सी हेदी, ती गाय माझी आहे."

खोली पुन्हा हसली. सी हेदीही हसले. "म्हणजे काय, नझीहा?"

"मी सोडलीय ती तिथे."

ती रांगांमधून चालत फळ्यापाशी गेली. खडू घेतला. एकच आकडा एकदा टिंब देऊन लिहिला, एकदा स्वल्पविराम देऊन. यंत्र कुठपर्यंत वाचतं आणि काय टाकून देतं, ते दाखवलं. मग पुढच्या संगणकावर आपली ओळ घातली आणि यादी लावली. गुलाबी पाण्याचा जिवाणू वर आला. स्फाक्सची मुलं "अरे, हाच की!" म्हणून ओरडली. लहानपणापासून ते गुलाबी पाणी बघत आलेली पोरं, पण पडद्यावर गाय दिसल्यावर एकालाही ते आठवलं नव्हतं.

"हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं," नझीहा म्हणाली. "आणि विदादला मी—"

"आणि विदादला मादामनी शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही म्हणून!" विदाद मोठ्यानं म्हणाली. तिचा तो हसरा सूर लख्ख परत आला होता. "बघितलंत? सगळ्यांचं उत्तर एक आलं, म्हणून कुणालाच शंका आली नाही. हाच आजचा धडा. यंत्रं एकसारखी असली की चुकतात पण एकसारखी."

टाळ्या पडल्या. शेणाचं स्पष्टीकरण देणारे सी हेदी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते.

नझीहा खडू धरून उभी राहिली. जे कबूल करायला तिनं एवढं बळ गोळा केलं होतं, त्याचाही या पोरीनं अर्ध्या वाक्यात धडा तयार करून सगळ्यांना वाटून टाकला होता. आपल्याला हे जन्मात सुचलं नसतं, हे तिला तिथल्या तिथे कळलं, आणि पोटातलं दुखणं पहिल्यापेक्षा वाढलं.

चहाच्या वेळी खजुराचं सारण भरलेल्या मकरूदची ताटं फिरत असताना सी हेदींनी नाव सांगितलं. "वर्ग विदादचा. आणि ती गाय दरवर्षी ठेवा हं, फार छान कल्पना आहे. नझीहा, तुम्ही हिला मदत करालच."

"करीन," नझीहा म्हणाली, आणि सगळ्यांच्या आधी पुढे होऊन तिनं विदादच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. विदादचे गाल गार होते.

पाहुणे गेल्यावर खोलीत दोघीच राहिल्या. विदाद पेनड्राइव्ह गोळा करत होती. हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"मी तुम्हाला विचारलं होतं, मादाम."

"हो."

"तुम्ही 'नाही' म्हणालात."

"हो."

"मी बाहेर असताना दर वेळी हेच म्हणायचे, की मी मादाम नझीहाची विद्यार्थिनी." तिनं डबीचं झाकण उगाच दोनदा लावलं. "आज मी सावरलं ते तुमच्यासाठी नाही. पाहुण्यांसमोर विभागाचं हसं नको म्हणून."

"कळलं मला ते."

विदादनं खुर्ची ओढली, लॅपटॉप उघडला. "आता पुन्हा विचारते. आणखी काय राहिलंय?"

नझीहाला पुन्हा 'नाही' म्हणता आलं असतं. तिनं चष्मा कपाळावर सरकवला.

"खिडकीजवळच्या संगणकाला दुपारी ऊन लागतं."

"पेनड्राइव्हला खिडकीचं काय?"

"ऊन त्यालाही लागतं, पोरी. लिही."

ती सांगत गेली. कुठली फाइल उघडताना मुलं हटकून चुकीचं बटण दाबतात. एसी लावला की कुठल्या रांगेची वीज जाते. कुठला प्रोग्रॅम नावात मोकळी जागा दिसली की गुपचूप अर्धीच माहिती वाचतो. एकेक गोष्ट तोंडातून बाहेर पडली की ती तिची राहत नव्हती; विदादच्या बोटांखाली जात होती, दोनशे पेनड्राइव्हांत जायला मोकळी. ऊन खिडकीवरून सरकून भिंतीवर गेलं. विदादचा चेहरा हळूहळू निवळला. शेवटी एका गोष्टीवर ती खुदकन् हसलीसुद्धा.

"झालं?"

"झालं. खरंच झालं या वेळी."

विदादनं लॅपटॉप मिटला, पिशवी खांद्याला लावली. दाराशी जाऊन ती वळली. "मादाम, आईनं विचारायला सांगितलंय. ईदला तुम्ही शर्मूला दिली होतीत ना, तशी आमच्या घरी कुणालाच जमत नाही. त्यात घालता तरी काय?"

नझीहानं खिडक्या एकेक करून लावून घेतल्या.

"कांदा, मनुका," ती म्हणाली. "दालचिनी. थोडे वाळवलेले गुलाब."

"आणि?"

"आणि काय? मंद आच. बस, एवढंच."